नीना हागेन: नाटक, आरडाओरडा की गाणे?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: तुम्ही पुण्यात एका रॉक बँडमध्ये गाता, लहानपणी काही वर्षे शास्त्रीय गायन शिकला आहात, आणि नीना हागेन या जर्मन पंक गायिकेच्या दोन-तीन चित्रफिती पाहून भारावून गेला आहात. बँडमधल्या गिटारवादकाचे मात्र म्हणणे असे की ही बाई गात नाही, नुसती नाटके करते. तिच्या कोणत्या ध्वनिमुद्रिका आधी ऐकाव्यात आणि तसा आवाज काढायला गेलो तर गळ्याची वाट लागेल का, असे तुम्ही विचारले आहे. रॉक आणि नाट्यसंगीत गाणाऱ्यांना आवाजाचे शिक्षण देणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे आणि हागेनच्या मुद्रिका मी शिकवण्यासाठी नेहमी वापरत असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते.

ध्वनिमुद्रिकांची यादी काय, कुठेही मिळेल. खरी अडचण वेगळी आहे. जी गायिका एकाच गाण्यात ऑपेराची तान घेते, मध्येच घशातून गुरगुरते, लहान मुलीसारखी किरकिरते आणि शेवटी दारुड्यासारखी बरळते, तिचे गाणे कोणत्या मापाने मोजायचे, हा तुमच्यापुढचा प्रश्न आहे. तुमच्या गिटारवादकाचे निरीक्षण चुकलेले नाही, कारण ती नाटक करते हे शंभर टक्के खरे आहे. पण ते नाटक ती आवाजातून करते आणि त्यासाठी लागणारा आवाज तिने रीतसर कमावलेला आहे. माझे मत असे की तिच्या मुद्रिकांचा दर्जा तिच्या विक्षिप्तपणावर ठरत नाही. तिच्याभोवती चौकट धरून ठेवणारे कोणी होते की नव्हते, यावर तो ठरतो. तबलजीचा ठेका पक्का असला की गवयाला कितीही लांब भटकून समेवर येता येते, तसेच हेही आहे.

काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत, हे आधीच सांगते. तुम्हाला जर्मन समजत असेल तर सुरुवातीच्या मुद्रिका तुम्हाला कितीतरी जास्त देतील, कारण तिचे बर्लिनी उच्चार आणि टोमणे हा त्या गाण्यांचा अर्धा जीव आहे. समजत नसेल तर निदान गाण्याचा आशय आधी वाचून मग ऐका. दुसरे असे की चित्रफितींमध्ये केशभूषा, रंगरंगोटी आणि डोळे वटारणे यांतच लक्ष अडकते, म्हणून पहिल्या फेरीत पडदा बंद ठेवून फक्त कानांनी ऐका.

आता तिच्या शिक्षणाबद्दल, कारण तुमच्या गिटारवादकाला द्यायचे उत्तर तिथे आहे. नीनाचा जन्म ११ मार्च १९५५ रोजी पूर्व बर्लिनमध्ये झाला. आई एफा-मारिया हागेन ही पूर्व जर्मनीतली लोकप्रिय अभिनेत्री होती आणि वडील पटकथालेखक होते. आईवडील विभक्त झाल्यानंतर काही वर्षांनी आईचा जोडीदार म्हणून घरात वोल्फ बिअरमान आला. हा कवी आणि गायक तिथल्या कम्युनिस्ट राजवटीवर इतकी बोचरी गाणी करी की १९६५ पासून त्याच्यावर जाहीर कार्यक्रमांची बंदी होती. म्हणजे ज्या घरात नीना वाढली, तिथे रंगभूमी, गाणे आणि सरकारी नाराजी या तिन्ही गोष्टी रोजच्या होत्या. तिने लहानपणी बॅले केले, ऑपेरा ऐकून ऐकून गळ्यात बसवला. अभिनयाच्या शाळेत तिला प्रवेश मिळाला नाही, तेव्हा तिने मनोरंजनपर संगीतासाठी असलेल्या सरकारी संस्थेत शिक्षण घेतले आणि परीक्षा देऊन शासनमान्य गायिका झाली. पूर्व जर्मनीत व्यावसायिक म्हणून मंचावर उभे राहायचे तर अशी मान्यता लागत असे. पुढे जिला जग पंकची जननी म्हणू लागले, तिच्याकडे हलकीफुलकी गाणी गाण्याचे सरकारी प्रमाणपत्र होते, ही मौज मला नेहमी सांगावीशी वाटते.

त्या काळातले एक गाणे आवर्जून ऐका, आणि तेच सर्वांत आधी ऐका. १९७४ मध्ये ऑटोमोबिल नावाच्या बँडबरोबर तिने ‘तू रंगीत फिल्म विसरलास’ अशा अर्थाचे गाणे गायले. संगीत मिखाएल हॉयबाखचे, शब्द कुर्ट डेमलरचे. बाल्टिक समुद्रातल्या हिडेनझे बेटावर सुट्टीला गेलेली एक मुलगी आपल्या मिखा नावाच्या मित्राला फैलावर घेते, की कॅमेऱ्यात रंगीत फिल्म घालायची तू विसरलास, आता इथे सगळे किती सुंदर होते यावर कोणाचा विश्वास बसेल? वरवर पाहता हा लाडिक रुसवा आहे. पण करड्या देशात रंग हरवल्याची तक्रार ऐकणाऱ्यांना त्यातले काय कळायचे ते बरोबर कळले. गायिका म्हणून तुम्ही लक्ष कशाकडे द्यायचे? एकोणीस वर्षांची ही मुलगी नाकात गाते, ओठ काढून गाते, पाय आपटल्यासारखी गाते, आणि तरी एकही सूर जागचा हलत नाही. हुंदका देण्याचे सोंग ती सुराच्या टोकावर करते, सुराच्या मध्यभागी नाही. नाटक आणि सूर एकमेकांच्या वाटेत येऊ द्यायचे नाहीत, ही तिची पुढची सगळी कारागिरी या साडेतीन-चार मिनिटांत बीजरूपाने आहे. २ डिसेंबर २०२१ रोजी चॅन्सेलर अंगेला मेर्केल यांच्या निरोपाच्या लष्करी संचलनासाठी त्यांनी स्वतः निवडलेल्या सुरावटींमध्ये हे गाणे होते, आणि सैन्याच्या वाद्यवृंदाने ते गंभीर चेहऱ्याने वाजवले.

१९७६ च्या नोव्हेंबरमध्ये बिअरमान पश्चिम जर्मनीत कोलोनला कार्यक्रमासाठी गेला असताना पूर्व जर्मनीने त्याचे नागरिकत्व काढून घेतले. नीनाने आपण त्याची मुलगी असल्याचे सांगून देश सोडण्याची परवानगी मागितली, आणि ती दिली नाही तर इथे दुसरा बिअरमान तयार होईल असे बजावले. परवानगी लगेच मिळाली. मुद्रिका काढणाऱ्या एका मोठ्या कंपनीशी करार झाला, १९७७ मध्ये ती लंडनला गेली, तिथे पंकची लाट ऐन भरात होती आणि द स्लिट्स या मुलींच्या बँडमधली आरी अप तिची मैत्रीण झाली. म्हणजे पंक तिला वयाच्या बावीस-तेविसाव्या वर्षी भेटले, आवाज पूर्ण घडल्यानंतर. पंकचा सर्वसाधारण बाणा असा होता की गाता-वाजवता येत नसले तरी मंचावर चढा. हागेनला सगळे येत होते आणि तिने ते मोडून दाखवले. ज्याला नियमच ठाऊक नाही त्याच्या ओरडण्यात आणि तिच्या ओरडण्यात हाच फरक आहे, आणि तो कानाला पाच मिनिटांत कळतो.

पश्चिम बर्लिनला परतल्यावर तिला जे साथीदार मिळाले ते तिचे सर्वांत मोठे भाग्य, असे मी म्हणेन. लोकोमोटिव्ह क्रॉइत्सबेर्ग नावाच्या राजकीय रॉक बँडमधले गिटारवादक बेर्नहार्ड पोट्श्का, बेसवादक मानफ्रेड प्रेकर, ड्रमवादक हेर्विग मिटेरेगर आणि त्यांच्याबरोबर कीबोर्डवादक राइनहोल्ड हाइल. हे चौघेही कसलेले वादक होते. ‘नीना हागेन बँड’ याच नावाची पहिली मुद्रिका १९७८ मध्ये आली, आणि तुम्ही एकच मुद्रिका विकत घेणार असाल तर हीच घ्या.

तिचे पहिलेच गाणे अमेरिकेतल्या द ट्यूब्ज या बँडच्या चालीवर आहे, पण शब्द पूर्ण नवे. टीव्हीपुढे लोळत पूर्वेचे आणि पश्चिमेचे कार्यक्रम आलटून पालटून पाहणाऱ्या, एकट्या पडलेल्या मुलीचे ते स्वगत आहे. दोन्ही जर्मनींत राहिलेल्या व्यक्तीलाच ते सुचू शकते. आरी अपच्या साथीने लिहिलेले ‘पांक’ हे दोन मिनिटांच्याही आत संपणारे गाणे, आणि ज्याला खऱ्या अर्थाने पंकच्या वेगाचे म्हणावे असे या मुद्रिकेत जवळपास तेवढेच आहे. बाकी सगळे हार्ड रॉक, फंक आणि कॅबरे यांचे मिश्रण आहे. बाईने आई व्हायलाच हवे का, असे सरळ विचारणारे एक गाणे यात आहे, आणि बर्लिनच्या झू स्थानकातल्या बायकांच्या स्वच्छतागृहात घडणारेही एक आहे.

पण मी विद्यार्थ्यांना जे गाणे पुन्हा पुन्हा ऐकवते ते म्हणजे ‘नाटूरट्रेने’. उघडी खिडकी, बाहेर चिमण्यांचा थवा, थंडीने गारठलेले नाक, रस्त्यावर फटफटणारी गाड्यांची धुराडी, असे साधे चित्र ती जवळजवळ बोलण्याच्या आवाजात उभे करते. हा छातीचा, खालच्या पट्टीतला आवाज आहे. त्यात कंप नाही आणि श्वास ऐकू येतो. मग चाल वर सरकू लागते तशी ती आवाजाची जागा बदलते आणि गिटारच्या भिंतीवर चढून थेट ऑपेराच्या मस्तकस्वरात, म्हणजे डोक्यात घुमणाऱ्या वरच्या पट्टीतल्या आवाजात, जाते. तो भरलेला आहे, कंपयुक्त आहे, आणि सुटे सुटे टोकदार सूर एकामागून एक नेमके लागतात. त्यानंतर त्याच उंचीवरून ती खाली घसरते ती मुद्दाम कुरूप, घोगऱ्या आवाजात. ऐकताना एक काम करा: बोलता आवाज संपून मस्तकस्वर सुरू होतो तो सांधा शोधा. नवशिक्याच्या गळ्यात तिथे हमखास खट्ट होते. ती तो सांधा हवा तेव्हा लपवते आणि हवा तेव्हा उघडा पाडून त्याचाच विनोद करते. दोन्ही गोष्टी एकाच गाण्यात करता येणे, हे मी तरी फार थोड्या गळ्यांत ऐकले आहे. आणि हे सगळे चालू असताना मागचा बँड एका मात्रेने हलत नाही.

दुसरी मुद्रिका ‘उनबेहागेन’ १९८० च्या सुरुवातीची. तोपर्यंत गायिका आणि बँड यांचे इतके फाटले होते की करार पूर्ण करायचा म्हणून वाद्ये आणि गायन यांचे ध्वनिमुद्रण वेगवेगळे झाले. तरीही मुद्रिका उत्तम आहे, कारण चौकट आधीच ठोकून तयार होती आणि तिला फक्त आत गायचे होते. ‘आफ्रिकन रेगे’ मध्ये रेगेच्या संथ ठेक्यावर ती आल्प्समधल्या गुराख्यांच्या पद्धतीने योडल करते. छातीचा आवाज आणि मस्तकस्वर यांच्यामध्ये फटाफट उड्या मारणे म्हणजे योडल, त्यामुळे मघाशी सांगितलेल्या सांध्याचा अभ्यास करायचा तर हे दुसरे गाणे. नंतर बँडने स्प्लिफ या नावाने स्वतंत्र आणि यशस्वी वाटचाल केली.

याच सुमारास, ९ ऑगस्ट १९७९ रोजी, ऑस्ट्रियाच्या दूरचित्रवाणीवरील ‘क्लब २’ या चर्चेच्या कार्यक्रमात स्त्रीच्या लैंगिक सुखाविषयी बोलताना तिने कपड्यांनिशी का होईना, प्रात्यक्षिक करून दाखवले, गहजब झाला आणि सूत्रसंचालकाला पायउतार व्हावे लागले. तुम्ही पाहिलेल्या चित्रफितींत ही असण्याची दाट शक्यता आहे. तिच्या प्रसिद्धीचा तो भाग आहे, गाण्याचा नाही. मी यापलीकडे त्यावर शब्द खर्चणार नाही.

यानंतरची मुद्रिका वादग्रस्त आहे, आणि माझी लाडकी आहे. ‘नन सेक्स मंक रॉक’, १९८२, न्यूयॉर्क, निर्माता माइक थॉर्न, भाषा मुख्यतः इंग्रजी. तिची मुलगी कोस्मा शिवा १९८१ मध्ये जन्मली, आणि आपल्याला उडती तबकडी दिसली असे हागेन त्याच सुमारापासून सांगू लागली. मुद्रिकेत येशू, तबकड्या, हेरॉइनचा धिक्कार आणि बाळ हे सगळे एकत्र नांदते. पण कानांनी ऐका. इथे तिने स्वतःच्याच आवाजाचे थर एकावर एक चढवले आहेत, त्यामुळे राक्षस, म्हातारी, भटजी, पोर आणि ऑपेराची नायिका एकाच वेळी गाताना ऐकू येतात. बाहेरचा बँड चौकट धरत नसताना तिने आपल्याच आवाजांची चौकट केली. हे दर वेळी साधत नाही, इथे साधले आहे. मात्र ही मुद्रिका पहिली ऐकलीत तर तुमचा गिटारवादक वाद जिंकेल, म्हणून ती तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर ठेवा.

१९८३ च्या ‘फिअरलेस’ मध्ये चौकट यंत्राची आहे. जॉर्जो मोरोडर आणि कीथ फोर्सी हे निर्माते, सिंथेसायझरचा न थकणारा ठोका आणि त्यावर तिचे उधाण. न्यूयॉर्कच्या क्लबांवरचे गाणे तेव्हा नाचघरांत खूप वाजले. त्या वेळी अगदी नवखे असलेले रेड हॉट चिली पेपर्स यातल्या एका गाण्यात तिच्याबरोबर आहेत. जुन्या जर्मन चित्रपटांतली खोल आवाजाची तारका जाराह लेआंडर हिच्या १९४२ च्या गाण्याचे रूपांतरही यात आहे, आणि तिथे हागेनचा खर्ज ऐकण्यासारखा आहे. याच मुद्रिकेची जर्मन आवृत्ती ‘आंग्स्टलोस’ या नावाने निघाली. दोन्हींत निवड करायची तर मी जर्मन घेईन, कारण इंग्रजीत ती शब्दांवर स्वार होते, तर जर्मनमध्ये शब्द चावून खाते. ‘इन एक्स्टसी’ (१९८५) पासून चौकट सैल पडते. कल्पना भरपूर आहेत, पण कोणी ‘हे नको’ म्हणणारे खोलीत नव्हते असे वाटत राहते. नव्वदच्या दशकातल्या बहुतेक मुद्रिकांबद्दल मला हेच म्हणायचे आहे. त्यांतली फिल मँझनेरा निर्माता असलेली ‘रिव्होल्यूशन बॉलरूम’ (१९९३) तेवढी बाजूला काढा.

आपल्याकडच्या ऐकणाऱ्याला कुतूहल वाटेल अशी एक मुद्रिका म्हणजे १९९९ ची ‘ओम नमः शिवाय’. कुमाऊंच्या पायथ्याशी असलेल्या हैडाखानच्या बाबाजींची ती भक्त झाली आणि तिथल्या आश्रमात जाऊन राहिली. ही मुद्रिका मंत्रांची आणि भजनांची आहे. तुम्ही शास्त्रीय शिकलेले असल्यामुळे तिच्या उच्चारांकडे आणि श्रुतींकडे तुमचा कान लगेच जाईल. भजन म्हणून तिची तुलना आपल्याकडच्या गायकांशी करू नका. भक्ती खरी आहे, पण गायिका म्हणून तिने इथे स्वतःला फार आवरून धरले आहे आणि त्यामुळे मला ही मुद्रिका सपाट वाटते. पुढे २००९ मध्ये तिने ख्रिस्ती धर्माचा बाप्तिस्मा घेतला आणि २०१० मध्ये ‘पर्सनल जीझस’ ही गॉस्पेलच्या अंगाची मुद्रिका काढली.

उलट, त्याच १९९९ च्या सुमारास तिने एच. के. ग्रुबरच्या दिग्दर्शनाखाली नाटककार ब्रेख्त आणि संगीतकार वाइल यांच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’ या संगीत नाटकाच्या ध्वनिमुद्रणात पीचमबाईंची भूमिका गायली आहे. त्यात जर्मन गायक माक्स राबेही आहे. हे कोणी सहसा सुचवत नाही, म्हणून मी सुचवते. वाइलने लिहिलेली स्वरलिपी इतकी काटेकोर आहे की तिथे मनमानीला जागाच नाही, आणि तेवढ्या जागेत ती खवचट, लोभी, बेरकी बाई पूर्ण उभी करते. अलीकडची ‘युनिटी’ (२०२२) ऐकलीत तर आवाज बराच खाली उतरलेला, जाडसर आणि खरखरीत आढळेल. वरचे सूर गेले आहेत, पण शब्दफेक शाबूत आहे. साठी उलटल्यावर आवाज खाली येणे स्वाभाविक आहे, त्याचे खापर सगळे पंकवर फोडण्याचे कारण नाही.

आता गळ्याबद्दल. गुरगुर दोन प्रकारे निघते. एकात माणूस स्वरतंतू आवळून त्यांच्यामधून जोराने हवा ढकलतो. आवाज खरखरतो खरा, पण दोन्ही तंतू एकमेकांवर घासतात, सुजतात, आणि हे रोज झाले तर त्यांवर गाठी येतात. दुसऱ्यात स्वरतंतू बऱ्यापैकी सैल राहून नेहमीचा सूर लावतात आणि त्यांच्या वर असलेल्या मांसल घड्या थरथरून वरून खरखर मिसळतात. पहिल्या प्रकारात सूर हरवतो, दुसऱ्यात खरखरीखाली तो ऐकू येत राहतो. हागेनच्या सुरुवातीच्या मुद्रिकांत गुरगुरीतून ती थेट स्वच्छ मस्तकस्वरात जाते, आणि सुजलेल्या तंतूंना ते जमत नाही. त्यावरून ती बहुतांशी दुसरा प्रकार वापरत असावी, असा माझा व्यावसायिक अंदाज आहे.

तुम्हाला हे जमेल का, हे तुमचा गळा ऐकल्याशिवाय कोणीही प्रामाणिकपणे सांगू शकणार नाही. तुमची शास्त्रीयची बैठक कामी येईल, विशेषतः खर्जाचा रियाज आणि श्वासावरचा ताबा. पण उघड्या गळ्याने जोरकस गमक घ्यायची सवय असेल तर वरच्या पट्टीत छातीचाच आवाज रेटण्याचा मोह होतो, आणि हागेनची गाणी त्या मोहाला नेमके खतपाणी घालतात. म्हणून आधी गुरगुर बाजूला ठेवा. ‘नाटूरट्रेने’ चा सांधा हलक्या आवाजात, हुंकाराने, वर-खाली घटवा. तो निर्वेध जाऊ लागला की एखाद्या जाणकारासमोर, दिवसाला काही मिनिटेच, खरखर मिसळून पाहा. सराव संपल्यावर तोंड मिटून वरच्या पट्टीतला एक सूर अगदी मंद हुंकारून पाहायचा. सरावाआधी लागत असलेला तो सूर आता फक्त जोर लावल्यावरच लागत असेल, तर तंतू सुजले आहेत आणि त्या दिवशी थांबायचे. घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्या, काढ्यांवर वेळ काढू नका.

ऐकण्याचा क्रम मी असा ठेवीन: १९७४ चे रंगीत फिल्मचे गाणे, मग १९७८ ची पूर्ण मुद्रिका, ‘उनबेहागेन’, थ्री पेनी ऑपेरा, आणि कान तयार झाल्यावर ‘नन सेक्स मंक रॉक’. चित्रफिती त्यानंतर पाहा, आणि पाहायच्याच तर १९७८ च्या अखेरीस डॉर्टमुंडला ‘रॉकपालास्ट’ या दूरचित्रवाणी मालिकेसाठी झालेला बँडचा कार्यक्रम शोधा. त्यात ध्वनिमुद्रणाच्या खोलीतली कोणतीही कारागिरी मदतीला नसताना ती ‘नाटूरट्रेने’ गाते. तुमच्या गिटारवादकालाही तोच दाखवा, आणि त्याला पोट्श्काच्या हातांकडे बघायला सांगा.